४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ओल्ड स्कूल रूनस्केपच का? लोक हाच गेम का धरून बसतात?

सह्यकडा

नमस्कार मंडळी. साध्या मशिनवर चालणारा ऑनलाइन आरपीजी (आपलं पात्र वाढवत नेण्याचा गेम) कुठेही विचारला की पहिलं नाव ओल्ड स्कूल रूनस्केपचं येतं. चित्रं बघावीत तर २००७ सालची: चौकोनी चेहरे, सपाट गवत, पाण्याला लाटा नाहीत. याहून कितीतरी देखणे गेम फुकट मिळतात. तरी लोक हा वर्षानुवर्षं खेळतात, कित्येक जण मेंबरशिपचे पैसे भरून खेळतात. फक्त जुन्या मशिनवर चालतो एवढंच कारण आहे की आणखी काही?

मशीन असं आहे: सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क (एसएसडी नाही), विंडोज ११. नेट हॉस्टेलच्या वायफायचं, ते गेलं की मोबाइलचा हॉटस्पॉट. रोज तास-सव्वा तास मिळतो. खर्च शून्य असेल तर उत्तम, फार तर महिन्याला २००-३०० रुपये. यावर हा गेम नीट चालेल का? भारतातून पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचा) त्रास किती? आणि फुकट भागात खरंच काही दम आहे का?

टिकमोजणी

चित्रं जुनी म्हणून मशिनवर भार कमी, हे अर्धंच उत्तर झालं. खरं कारण गेमच्या घड्याळात आहे.

ओल्ड स्कूलचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्यांचा हिशेब करतो. याला टिक म्हणतात. तुम्ही क्लिक केलंत की ती सूचना सर्व्हरकडे पोचते आणि पुढच्या टिकची वाट बघत थांबते. ठरल्या वेळेला सुटणाऱ्या एसटीसारखं आहे: स्टँडवर पाच मिनिटं आधी आलेला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात आलेला, दोघांनाही तीच गाडी मिळते. गेममधली सगळी कामं या टिकांवर बसवलेली आहेत. सिमिटर ही वाकडी तलवार दर ४ टिकांनी वार करते, म्हणजे २.४ सेकंदांनी. लाँगस्वर्डला ५ टिक लागतात, दोन्ही हातांनी धरायच्या मोठ्या तलवारीला ७, म्हणजे ४.२ सेकंद. झाड तोडताना ओंडका मिळाला की नाही याचा फासा दर ४ टिकांनी पडतो.

आता तुमचं मशीन घ्या. समजा सेकंदाला जेमतेम २० फ्रेम मिळाल्या. म्हणजे दर ५० मिलिसेकंदाला एक चित्र, एका टिकमध्ये १२ चित्रं. शेजारच्याच्या १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर त्याच टिकमध्ये ८६ चित्रं दिसतील, पण घडणारी गोष्ट दोघांकडे एकच. नेमबाजीच्या गेममध्ये २० फ्रेमवाला समोरचा दिसायच्या आत मरतो. इथे हलक्या मशिनवाला आणि लाखभराच्या मशिनवाला एकाच रांगेत उभे असतात. माझ्या मते लोक हा गेम निवडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. गेम "चालणं" आणि त्यात बरोबरीने खेळता येणं यात फार अंतर असतं. बाकीचे कित्येक हलके गेम पहिल्या पायरीवरच थांबतात.

पिंगचंही गणित मांडतो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७२०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले. केबल वळसे घालत जाते, मध्ये राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात इंग्लंडच्या वर्ल्डला (वर्ल्ड म्हणजे गेमचा एक स्वतंत्र सर्व्हर) १२० ते १६० दिसलं तर नेट व्यवस्थित आहे असं समजा. १४० धरू. क्लिक पोचायला ७०, टिकची वाट ० ते ६०० म्हणजे सरासरी ३००, उत्तर परत यायला ७०. एकूण सरासरी ४४० मिलिसेकंद. लंडनमध्ये बसून १० पिंगवर खेळणाऱ्याची सरासरी ३१० येते. २.४ सेकंदांच्या वारात हा १३० मिलिसेकंदांचा फरक जाणवत नाही.

जाणवतो तो टिक मोजून करायच्या कामांत. ३-टिक मासेमारी (दर ३ टिकांच्या तालावर क्लिक करत मासे काढणं), किंवा लढाईत मदत करणारी प्रार्थना दर टिकला बंद-चालू करून तिचे पॉइंट वाचवणं. तिथेही आकडा मोठा असण्यापेक्षा तो हेलकावणं जास्त वाईट. पिंग १४० वर स्थिर असेल तर हाताला थोडं आधी क्लिक करायची सवय होते. तो ९० वरून ४०० वर आणि परत खाली येत असेल तर कसलीच सवय होत नाही. हॉस्टेलच्या वायफायवर नेमकं हेच होतं, म्हणून अशी कामं तूर्त सोडून द्या. पहिले कित्येक महिने त्यांची गरजही पडत नाही.

वर्ल्ड निवडताना देशाचा झेंडा बघून अंदाज करू नका. रूनलाइट या गेम उघडायच्या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड हॉपर नावाचं प्लगिन (जोडायची जादा सोय) आहे, ते प्रत्येक वर्ल्डचा पिंग दाखवतं. त्या रकान्यावर यादी लावून सगळ्यात कमी आकड्याचं घ्या. दुसऱ्या कंपनीच्या नेटवर हाच क्रम बदलतो, तेव्हा हॉटस्पॉटवर गेलात की परत बघा.

थोडा इतिहासही लागू पडतो. मूळ रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये आला, ब्राउझरमध्ये जावावर चालणारा. काही इन्स्टॉल करायला नको, म्हणून शाळा-लायब्ररीतल्या संगणकांवर तो पसरला. आत्ताचा ओल्ड स्कूल हा ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून फेब्रुवारी २०१३ मध्ये परत उभा केलेला. हलक्या मशिनसाठीच घडलेली चीज आहे ही, मागाहून छाटून हलकी केलेली नाही.

जुनी_मदरबोर्ड

वरचं सगळं मान्य. पण ४ जीबी आणि हार्ड डिस्क या जोडीवर नुसतं इन्स्टॉल करून चालू केलंत तर "हा गेमही अडकतो" असंच म्हणाल. अडकण्याचं कारण आधी समजून घ्या.

विंडोज ११ स्वतःच २ ते २.५ जीबी रॅम खातं. वर ब्राउझरमध्ये विकीचे चार-पाच टॅब उघडले की रॅम संपते आणि विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर टाकू लागतं. तिथून ते परत आणेपर्यंत गेम एक-दोन सेकंद गोठतो. टास्क मॅनेजर उघडा: डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ४० टक्के दिसत असेल तर दोष गेमचा नाही. स्टार्टअपमधले सगळे प्रोग्रॅम बंद करा, ब्राउझर बंद ठेवा, विकी फोनवर वाचा. एवढ्याने बराचसा त्रास जातो. पुढे कधी पैसे हातात आले तर पहिला खर्च एसएसडीवर करा, रॅमवर नको. या वर्गातल्या बऱ्याच लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडून जास्तीचा स्लॉट आहे का ते बघून घ्या.

मुख्य क्लायंट (गेम उघडायचे प्रोग्रॅम) दोन आहेत. गेम बनवणाऱ्या जॅजेक्स कंपनीचा स्वतःचा आणि रूनलाइट. रूनलाइट फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि जॅजेक्सने त्याला परवानगी दिलेली आहे. तो जावावर चालतो, त्यामुळे थोडी जास्त रॅम घेतो, पण त्यातली प्लगिनं नवख्याचे तासच्या तास वाचवतात. दोन्ही लावून बघा. रूनलाइट घेतलात तर असं करा.

आधी १७-१८ प्लगिनं टाकायचा मोह आवरा. प्लगिन हबमधलं प्रत्येक प्लगिन रॅम मागतं. एक्सपी ट्रॅकर (एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण), जमिनीवरच्या वस्तू दाखवणारं, वर्ल्ड हॉपर आणि एफपीएस कंट्रोल, इतकी पुरेत. ११७ एचडी नावाचं सुंदर चित्रांचं प्लगिन तुमच्या मशिनसाठी नाही, त्याला हात लावू नका.

मग जीपीयू प्लगिन. ते बंद असताना सगळं चित्र प्रोसेसर काढतो, फ्रेम ५० च्या वर जात नाहीत आणि २५ चौकटींपलीकडचं दिसत नाही. चालू केलं की काम आतल्या ग्राफिक्स चिपकडे जातं. एन४०२० ला दोनच कोर आहेत, म्हणून चालू करून बघायला हरकत नाही. ड्रॉ डिस्टन्स (किती चौकटींपर्यंत दिसावं ते) २५ ते ४० च्या आत, अँटी-अलायझिंग बंद. पण लक्षात ठेवा, ही चिप आपली मेमरी त्याच ४ जीबीतून घेते. चालू केल्यावर डिस्क परत १०० टक्क्यांवर गेली तर बंद करून टाका. काही मशिनांवर ड्रायव्हर साथ देत नाही आणि नुसती काळी खिडकी येते. घाबरून सगळं काढून परत टाकू नका. स्टार्ट मेनूत रूनलाइटची सेफ मोड अशी वेगळी नोंद असते, तिच्यातून उघडा, जीपीयू प्लगिन बंद करा, मग नेहमीसारखं सुरू करा.

गेमच्या सेटिंगमध्ये फिक्स्ड मोड घ्या. त्याचं चित्र ७६५ बाय ५०३ पिक्सेलचं, म्हणजे आजच्या फुल एचडी स्क्रीनच्या पाचव्या भागाएवढंसुद्धा नाही. डोळ्यांना लहान वाटलं तर रूनलाइटचा स्ट्रेच्ड मोड लावा. तो लहान चित्र काढून मग ताणतो, काम फारसं वाढत नाही.

एफपीएस कंट्रोलमध्ये ३० ची मर्यादा घाला, खिडकी मागे असताना १०. हे उन्हाळ्यात फार कामाचं आहे. एन४०२० हा ६ वॉटचा प्रोसेसर, बऱ्याच लॅपटॉपांत त्याला पंखाच नसतो. तापला की वेग उतरतो, पार १.१ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि मग तासाभराने गेम "आपोआप" हळू झाल्यासारखा वाटतो. गादीवर ठेवून खेळू नका, खालून हवा लागू द्या.

व्हॅरॉक शहरातल्या ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे गेमच्या बाजारात, फ्रेम हमखास पडतात, कारण एका जागी पन्नास-शंभर माणसं उभी असतात. ३०१ हे फुकटवाल्यांचं बाजाराचं वर्ल्ड आणि ३०२ मेंबरांचं, दोन्ही टाळा. एक्स्चेंजचा बाजार सगळ्या वर्ल्डना एकच आहे. कमी गर्दीच्या वर्ल्डमध्ये उभं राहूनही तोच माल त्याच भावाला मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रूनलाइट फक्त रूनलाइट डॉट नेट इथून उतरवा. सर्चमध्ये जाहिरात म्हणून वर येणाऱ्या हुबेहूब नकली साइट्सनी पुष्कळांची अकाउंटं रिकामी केली आहेत.

पैपैहिशेब

खर्चाचं बोलतो.

गेममध्ये २४ कौशल्यं आहेत (शेवटचं सेलिंग, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं). त्यातली १५ फुकट: लढाईची सगळी, शिवाय खाणकाम, लोहारकाम, मासेमारी, स्वयंपाक, लाकूडतोड, आग पेटवणं, क्राफ्टिंग, रूनक्राफ्ट. स्लेयर, फार्मिंग, हर्बलोर, कन्स्ट्रक्शन वगैरे ९ मेंबरांसाठी. फुकट नकाशा लहान आहे आणि एक्स्चेंजवर एका वेळी ३ सौदे लावता येतात, मेंबरांना ८. रोज सव्वा तास खेळणाऱ्याला फुकट भाग कित्येक महिने पुरतो. नुसती चव दाखवून दार लावलंय असं तिथे वाटत नाही.

बाँड ही या गेमची खास सोय. कोणीतरी खऱ्या पैशांनी बाँड घेतो, एक्स्चेंजवर सोन्याच्या नाण्यांना विकतो आणि तुम्ही तो नाण्यांनी घेऊन १४ दिवसांची मेंबरशिप मिळवता. म्हणजे वेळ खर्चून मेंबरशिप. ऐकायला छान आहे, पण आकडा मांडून बघा. बाँडचा भाव कोटी नाण्यांच्या वर असतो. समजा १ कोटी ४० लाख. फुकट भागात तासाला २ लाख कमावले तरी ७० तास लागतात. १४ दिवसांत ७० तास म्हणजे रोज ५ तास, तेही फक्त पुढच्या बाँडसाठी. फुकट भागातून बाँड एकदा काढता येतो, कायमचा चालवता येत नाही. मेंबर झाल्यावर चांगली कामं उघडतात. तासाला १० लाख मिळायला लागले की तोच बाँड १४ तासांत सुटतो. पण तुमचे १४ दिवसांचे एकूण तासच साडेसतरा. म्हणजे सगळा खेळ बाँडच्या मागे धावण्यात जाईल.

म्हणून सल्ला असा: मेंबरशिपचे दिवस कॅलेंडरने मोजले जातात, तुम्ही किती तास खेळलात याच्याशी त्यांचा संबंध नाही. कॉलेज चालू असताना ती घेऊच नका. फुकट खेळा, नाणी साठवा आणि सुट्टी लागली की बाँड वापरा. महिन्याची मेंबरशिप २००-३०० रुपयांत बसेल असं धरू नका. घ्यायचीच झाली तर गेमची साइट, स्टीम आणि प्ले स्टोअर तिन्हीकडचा रुपयांतला भाव बघून घ्या. साइटवरून घेताना कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू असावा लागतो, तो बँकेच्या अॅपमधून करता येतो. परदेशी साइट्सचे दरमहाचे ऑटोपे आपल्याकडे वरचेवर अडकतात, तेव्हा एका वेळचं बिल भरणं बरं.

सिंगापूरमार्गे

मी थोडं वेगळं सांगतो. प्रश्नकर्त्याला चार मित्रांबरोबर टोळी करून खेळायचं असेल तर ओल्ड स्कूलपेक्षा अॅल्बियन ऑनलाइन बघा. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्ह कंपनीचा, २०१७ चा गेम, एप्रिल २०१९ पासून फुकट. २०२३ पासून त्याचा आशियाचा सर्व्हर आहे. मुंबईहून त्याचा पिंग इंग्लंडच्या साधारण निम्मा पडतो. फोन आणि पीसीवर एकच अकाउंट. आणि फुकट खेळणाऱ्याला नकाशाचा कुठलाच भाग बंद नाही, प्रीमियमने फक्त वेग आणि उत्पन्न वाढतं.

अडचणी दोन. लाल आणि काळ्या प्रदेशात मेलात की अंगावरचं सगळं जातं. म्हणून तिथे जाताना जेवढं बुडालं तर चालेल तेवढंच घालून जायचं. आणि गिल्डच्या मोठ्या लढाईत दोनशे माणसं एका पडद्यावर आली की ४ जीबीचं मशीन हमखास गुडघे टेकतं. टिकचा जो फायदा टिकमोजणी यांनी सांगितला तो इथे नाही. अॅल्बियनमध्ये जमिनीवर उमटणारी हल्ल्याची वर्तुळं टाळावी लागतात, तिथे फ्रेम आणि पिंग दोन्ही मोजले जातात. शिवाय एका सर्व्हरवरचं पात्र दुसऱ्यावर नेता येत नाही, सुरुवातीलाच आशिया निवडा.

टिबियाचं नाव कोणी सुचवेल. १९९७ चा जर्मन गेम, ब्राझील आणि पोलंडमध्ये अजून जोरात आहे, ओल्ड स्कूलहूनही हलका. पण मरणाची शिक्षा जबर, एक्सपी आणि कौशल्यं दोन्ही घटतात. डगमगत्या वायफायवर तो सुचवणार नाही.

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर अपेक्षित नव्हतं. टोळी नाही, एकट्यानेच खेळायचं आहे, तेव्हा ओल्ड स्कूल पक्का. आणखी दोन शंका. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर राहतो पण वायफाय जातं, अशा वेळी लढाईच्या मध्यात पात्राचं काय होतं? आणि गेममधलं सोनं विकून लोक पैसे कमावतात असं वाचलं, त्यात तथ्य आहे का?

इन्व्हर्टरवाले

नेट गेलं की पात्र लगेच बाहेर पडत नाही. लढाईत असेल तर काही काळ तिथेच उभं राहून मार खातं. मेलात तर सर्वात किमती ३ वस्तू तुमच्याजवळ राहतात, बाकीच्या मेलेल्या जागी थडग्यात. थडगं १५ मिनिटं टिकतं. तोवर जाऊन उचललं तर बहुतेक सगळं परत मिळतं. मात्र वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागात, दुसऱ्या खेळाडूने मारलं तर माल त्याचा. वीज बेभरवशाची असेल तेव्हा तिकडे फिरकू नका. हार्डकोअर आयर्नमॅन हा एकाच जिवाचा प्रकारही घेऊ नका. नेट गेल्यामुळे गेलेला दर्जा परत मिळत नाही.

रोज वीज जात असेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो तो घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते आधी वाचा, बहुतेकांवर १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर असतं. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलात तर राउटर जळेल. आणि खांबावरचा किंवा खालच्या मजल्यावरचा स्विचच विजेवाचून बंद पडत असेल तर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. वीज गेल्यावर राउटर चालू ठेवून नेट येतं का हे एकदा तपासा, मगच पैसे घाला.

हॉटस्पॉटवर गेम फार डेटा खात नाही. खातात ते मागे चाललेले विंडोजचे अपडेट. वायफायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचं कनेक्शन मीटर्ड म्हणून लावून टाका. कमी धोक्याचं काम असेल तर वीज गेल्यावर सरळ फोनवरच लॉगिन करा. २०१८ पासून फोनवर तेच अकाउंट आणि तीच वर्ल्ड आहेत. झाड तोडायचं काम अंगठ्याने अगदी आरामात होतं.

टिकमोजणी

सोन्याचं उत्तर देतो, कारण ते मूळ प्रश्नालाच जाऊन भिडतं.

व्हेनेझुएलात अर्थव्यवस्था कोसळली, महागाईने पगाराला काही किंमत उरली नाही, तेव्हा तिथल्या पुष्कळ लोकांनी याच गेमचा रोजगार केला. वाइल्डरनेसमधले हिरवे ड्रॅगन मारायचे, प्रत्येकाकडून हाड आणि कातडं नक्की मिळतं, ते विकून सोनं करायचं आणि ते सोनं परदेशी खेळाडूंना डॉलरमध्ये विकायचं. पुढे झुल्रा नावाच्या बॉसवर काम सरकलं. गेम हाच का? जुनी मशिनं आणि रडतखडत चालणारं नेट यांवर तो तग धरतो, आणि तिथे मिळणाऱ्या सोन्याला श्रीमंत देशांत गिऱ्हाईक आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असलेले गेम थोडेच. त्यांना हुसकावण्यासाठी ड्रॅगनपाशी जाऊन मारायच्या सूचना लोकांनी २०१७ मध्ये इंटरनेटवर लिहिल्या, हे वाचून आजही वाईट वाटतं. पलीकडचा माणूस त्यातून घरचं राशन भरत होता. मार्च २०१९ मध्ये तिथे कित्येक दिवस वीज गेली तेव्हा हे खेळाडू गेममधून दिसेनासे झाले, याच्या बातम्या आल्या.

तुम्ही मात्र यात पडू नका. खऱ्या पैशांत सोनं विकणं आणि विकत घेणं दोन्ही नियमाबाहेर आहे, पकडल्यावर अकाउंट कायमचं जातं. बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) चोवीस तास तेच काम करतात, म्हणून हातात पडणारा भावही हलका. वर, सोन्याचे सौदे करणाऱ्या साइट्सवर लॉगिन चोरणारेच जास्त. आपोआप क्लिक करणाऱ्या ऑटोक्लिकरचंही तेच. एका क्लिकला एकच क्रिया, त्यापलीकडे गेलात की बॅन.

अकाउंट काढल्या दिवशी दोन कामं करा: टू-स्टेप पडताळणी चालू करा आणि बँकेला ४ आकडी पिन लावा. पिन काढायची विनंती केल्यावर ३ किंवा ७ दिवस थांबावं लागतं. ७ ठेवा. चोर आत शिरला तरी तेवढे दिवस बँक शाबूत राहते.

पाटीवरचा_मासा

मूळ प्रश्नातला "धरून का बसतात" हा भाग राहिला. मोठं कारण म्हणजे मिळवलेलं कधी जात नाही. दर हंगामाला सगळं शून्यावर येणं नाही, आज लॉगिन केलं नाही म्हणून बक्षीस हुकणं नाही. परीक्षेसाठी दोन महिने सोडा, पात्र जिथे उभं होतं तिथेच सापडेल. गेममध्ये काय नवीन यावं यावर खेळाडू मत देतात आणि ७० टक्के मिळाल्याशिवाय मोठा बदल येत नाही. आणि वाट लांब आहे. ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. ९२ व्या लेव्हलला पोचता तेव्हा त्यातले ६५,१७,२५३ झालेले असतात, म्हणजे जेमतेम अर्धे. रोज सव्वा तासवाल्याला अशी लांब आणि न बिघडणारी वाट सोयीची पडते.

हे लाकूडतोडीत रोखठोक दिसतं. विलो झाडाच्या एका ओंडक्याला ६७.५ एक्सपी. ३० व्या लेव्हलपासून ६० व्यापर्यंत २,६०,३७९ एक्सपी हवेत, म्हणजे ३८५८ ओंडके. ड्रेनॉरच्या बँकेजवळ पाण्याकाठी विलो आहेत. पिशवीत २८ खण, एक कुऱ्हाड हातात. दीडशेच्या आत खेपा झाल्या की ६० वर यू हे झाड तोडता येतं, त्याला १७५ एक्सपी आणि बाजारात भावही बरा. फोनवर अभ्यासाच्या मधे करता येणारं काम आहे.

पहिल्या आठवड्यासाठी माझा आवडता मार्ग मासेमारीचा आहे. ट्युटोरियल बेट संपलं की लम्ब्रिजमध्ये उतराल. कुक्स असिस्टंट लगेच करून टाका: एक अंडं, एक बादली दूध, एक भांडं पीठ, तिन्ही आसपासच मिळतं. मग छोटं जाळं घेऊन कोळंबी. एकीला १० एक्सपी, त्यामुळे १५ व्या लेव्हलला साधारण २४० लागतात. १५ नंतर त्याच जाळ्यात अँचोव्ही येते, ४० एक्सपीची. २० झाली की पोर्ट सॅरिमच्या मासेमारीच्या दुकानातून फ्लाय फिशिंग रॉड आणि पिसं घ्या. पिसं कमी पडली तर लम्ब्रिजच्या कोंबड्यांकडून. मग बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर जा. ट्राउट २० ला, ५० एक्सपी. सामन ३० ला, ७०. रॉड आणि पिसांना दोन खण जातात, म्हणजे एका फेरीत २६ मासे. ते तिथल्याच शेकोटीवर शिजवा. ट्राउट शिजवायला स्वयंपाकाची १५ लेव्हल लागते, सामनला २५, तेव्हा कोळंबी फेकू नका, ती शिजवून आधी तेवढी लेव्हल करून ठेवा. सुरुवातीला बरेच मासे करपतील, ते स्वयंपाकाची लेव्हल चढेल तसं कमी होतं. शिजलेले लढाईसाठी ठेवायचे असतील तर एजव्हिलची बँक उत्तरेला दोन पावलांवर आहे. नुसती लेव्हल हवी असेल तर जागीच टाकून परत गळ टाका. नदीवरची मासे मिळायची जागा अधूनमधून सरकते आणि पात्र नुसतं उभं राहतं. रूनलाइटचं फिशिंग प्लगिन ती जागा रंगवून दाखवतं, ते तेवढं चालू ठेवा.